आपण अतिक्रमणदार नाही
(गावसभेतलं बोलणं)



चोपडा, यावल, शिरपूरच्या बाजारात गेलं की आपण पावरी, भिलोरी हळू आवाजात बोलतो. कचेरीत खुर्ची रिकामी असली तरी खाली बसतो. आधी दुसऱ्यांनी बसवलं, आता आपले आपणच बसतो. साहेबानं विचारलं, "जमीन कोणाची?" तर आपणच सांगतो, "साहेब, अतिक्रमण आहे." हा शब्द कचेरीचा. तो आपल्या तोंडात आला की मान खाली जाते. मग कोणीही दम देतो, कोंबडी मागतो.

२००६ च्या वनहक्क कायद्यात सुरुवातीलाच लिहिलंय, की आपल्यावर ऐतिहासिक अन्याय झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असू, तर दावा ग्रामसभेपुढे करायचा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं लिहून घेतलं, तर तेबी पुरावा धरतात. म्हणजे ज्या बोलीची आपण लाज धरतो, त्या बोलीतली आठवणच आपल्या कामाची आहे.

म्हणून ठरवू. म्हाताऱ्यांना बोलतं करू, लिहून घेऊ, दाव्याची पोच घेऊ. कचेरीत दोघं-चौघं मिळून जाऊ, खुर्चीवर बसू. कोणी विचारलं तर सांगू, "नेवाडची जमीन आमची आहे. दावा केलाय."