कोइंब्राची टेकडी

पोर्तुगालमधील मोंदेगो नदीच्या काठचे कोइंब्रा हे विद्यापीठाचे गाव. १५३७ साली विद्यापीठ येथे कायमचे स्थिरावले. आल्मेदिना वेशीतून टेकडी चढणाऱ्या प्रवाशाला ज्या पायऱ्या लागतात, त्यांचे नावच ‘पाठमोड’ अशा अर्थाचे आहे! जुने कॅथेड्रल मागे टाकून माथ्यावर पोचताच वाटाड्या त्याला जोआनिना ग्रंथालयात नेतो. अठराव्या शतकातील या सोनेरी दालनांत वटवाघळे राहतात. रात्री ती ग्रंथभक्षक किडे टिपतात. त्यांच्या विष्ठेने मेजे खराब होऊ नयेत म्हणून त्यांवर रोज चामडी आच्छादने पसरतात. ही हकीकत ऐकून सारेच हसतात. ग्रंथालयाच्या तळाशी विद्यार्थ्यांचा तुरुंग होता, हे ऐकून मात्र हसू ओसरते.

बाहेर सरळ, रुक्ष, अवाढव्य इमारती उभ्या आहेत. तेथे पूर्वी नांदती वस्ती होती. १९४३ पासून सालाझारच्या राजवटीने ती पाडली आणि रहिवाशांना गावाच्या कडेला हलविले. गोमंतकीयांना १९६१ पर्यंत ज्याची सत्ता सोसावी लागली, तो सालाझार याच विद्यापीठात शिकला व येथेच प्राध्यापक झाला. पण त्या नव्या इमारतींनी राजवटीचे ऋण मानले नाही. १७ एप्रिल १९६९ रोजी गणितभवनाच्या उद्घाटनप्रसंगी विद्यार्थिसंघाचा अध्यक्ष आल्बेर्तो मार्तिंश याने राष्ट्राध्यक्षांसमोर बोलण्याची अनुमती मागितली. ती मिळाली नाही; त्याच रात्री त्याला अटक झाली. विद्यार्थ्यांनी परीक्षांवर बहिष्कार घातला, तेव्हा अनेकांना सक्तीने सैन्यात धाडण्यात आले.

त्या भवनात आजही गणिताचेच वर्ग भरतात.