पटावरचा राजा

बुद्धिबळाच्या पटावरच्या राजाला नाव नसतं. तो कुठल्या घराण्याचा, कुठल्या धर्माचा, कुणी विचारत नाही. त्यामुळे आमच्या पेणला अगदी टोकाच्या मतांची दोन माणसं एका पटावर तासन्‌तास बसतात आणि भांडलीच, तर चाल परत घेण्यावरून भांडतात.

संगणकावरच्या खेळांनी मात्र राजाला नाव दिलं. रोह्याला राहणारा माझा पुतण्या 'सिव्हिलायझेशन' हा खेळ खेळतो. एक देश घ्यायचा, त्याचा नेता निवडायचा आणि शहरं वसवत, लढत, तह करत हजारो वर्षं पुढे जायचं. १९९१ साली हा खेळ प्रथम आला, तेव्हा भारताच्या वतीने गांधीजी होते, चीनच्या वतीने माओ. २०१६च्या सहाव्या आवृत्तीत आणि तिच्या पुरवण्यांत चीनसाठी चार सत्ताधीश मिळतात. पुतण्याने विचारलं, "चाचा, तुम्ही सांगा, कुणाला घेऊ?"

पहिला चिन शी ह्वांग. इ.स.पू. २२१मध्ये त्याने चीन एक केला. लिपी, वजनं-मापं, इतकंच काय, गाड्यांच्या आसाची रुंदीही एक केली. पण पुस्तकं जाळल्याचा डाग त्याच्यावर आहे, आणि मी पडलो कवी! दुसरी वू झेतियान, चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावाने सम्राटपद भोगलेली एकमेव स्त्री. तिसरा कुबलाई खान, मुळात मंगोल. खेळात तो चीनचाही नेता होतो आणि मंगोलियाचाही. चौथा मिंग घराण्यातला योंगले.

मी म्हटलं, योंगलेला घे. कारण त्याने १४०५पासून ज्याच्या हाती प्रचंड आरमार सोपवलं, तो झेंग हे युन्नानमधल्या मुस्लिम घरात जन्मलेला होता. हे आरमार आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कालिकतपर्यंत आलं. श्रीलंकेत गॉल इथे १९११ साली त्याचा एक शिलालेख सापडला. त्यावर १४०९ सालचा मजकूर तीन भाषांत आहे: चिनीत बुद्धाला, तमिळमध्ये विष्णुरूप देवाला आणि पर्शियनमध्ये इस्लामच्या नावाने दान. एका दगडावर तिघांचा मान!

पण पुतण्या वाचणारा आहे. तो म्हणाला, "चाचा, याच आरमाराने पुढे श्रीलंकेतला राजा कैद करून नेला. आणि योंगलेने तर सख्ख्या पुतण्याकडून गादी हिसकावली होती!" काका-पुतण्याची ही गोष्ट मराठी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणजे चारांतला कुणीही घ्या, चीनचा एक तुकडा हाती येतो आणि निवडणाऱ्याची आवड उघडी पडते. मला झेंग हे का आवडला, ते माझ्या नावावरून कुणीही ओळखेल.

हा प्रश्न माझ्या अंगाला चिकटलेला आहे. कविसंमेलनात निवेदक माझी ओळख 'मुस्लिम समाजाचे प्रतिनिधी' अशी करून देतात. हेतू चांगलाच असतो. पण माझ्या हातातली कविता असते मिठागरावरची, खाजणात शिरलेल्या भरतीवरची. समाजाने मला निवडून दिलेलं नाही. माझ्या मोहल्ल्यातला रिक्षावाला आणि गणित शिकवणाऱ्या बाई यांचंच एकमेकांशी पटत नाही, मग त्या दोघांच्या वतीने मी काय बोलणार? शेजारच्या कवीला कुणी विचारत नाही, की तुम्ही कुणाचे प्रतिनिधी? तो नुसता कवी असतो. तेवढंच मलाही हवं आहे.

आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली विनोबांचा जन्म झाला. त्यांनी अरबी शिकून कुराणातल्या वचनांचं सार काढलं. त्यासाठी त्यांनी कुणा प्रतिनिधीला बोलावलं नाही, ते स्वतः ग्रंथाजवळ गेले. परक्याला ओळखण्याची वाट हीच.

खेळात एक नाव घ्यावंच लागतं, ते खुशाल घ्यावं. फक्त उठताना ते पटावरच ठेवून उठावं. समोर भेटणाऱ्या माणसाच्या कपाळी चिकटवू नये.