घरगुती संगणक आणि विनामूल्य पहारेकरी

(छत्रपती संभाजीनगर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता संगणक आहे आणि तो केवळ मुलांच्या अभ्यासापुरता राहिलेला नाही. शिक्षकाच्या संगणकात विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा व आधार क्रमांक असतात. पंचायत सदस्याच्या संगणकात लाभार्थ्यांच्या याद्या असतात. घर आपले असले तरी ही ठेव गावाची आहे. म्हणूनच "फुकटातला अँटिव्हायरस कोणता घ्यावा?" हा प्रश्न मी क्षुल्लक मानीत नाही.

विंडोज १० व ११ या प्रणालींत डिफेंडर नावाचा संरक्षक मुळातच बसविलेला असतो. त्याला वेगळे मूल्य नाही, वार्षिक नूतनीकरणही नाही. घरगुती वापरास तो पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. काही जण अधिक सुरक्षिततेसाठी आणखी दोन अँटिव्हायरस बसवितात. ते एकमेकांच्याच कामात अडथळा आणतात आणि संगणक मात्र मंदावतो.

बाहेरून विनामूल्य अँटिव्हायरस घ्यावयाचाच असेल, तर त्याचा खर्च कोण सोसतो, हे आधी विचारावे. बहुतेक कंपन्या सशुल्क आवृत्तीचा आग्रह धरून तो भरून काढतात; त्यात गैर काही नाही. परंतु अव्हास्ट या प्रसिद्ध कंपनीचे उदाहरण बोलके आहे. वापरकर्ते कोणकोणती संकेतस्थळे पाहतात, याची माहिती तिच्या जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली जात असल्याचे जानेवारी २०२० मध्ये उघड झाले व ती उपकंपनी बंद करावी लागली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने या प्रकरणी अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. पहारेकऱ्यानेच घरातील हालचाली बाजारात सांगाव्यात, असा हा प्रकार होता.

आपल्या शासनानेही या कामी साहाय्य केले आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. संगणकात शिरलेले घातक प्रोग्रॅम काढून टाकण्याची साधने त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवण्यात आली. त्यांत पुण्याच्या काटकर बंधूंनी उभारलेल्या क्विक हील कंपनीचेही साधन आहे, ही आपणां मराठी माणसांना समाधानाची गोष्ट. मात्र हे साधन एकवेळच्या सफाईचे आहे, नित्य पहाऱ्याचे नव्हे.

कोणताही अँटिव्हायरस असला, तरी मूळ प्रणालीतील दुरुस्त्या वेळेवर घेतल्या पाहिजेत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने सुमारे दीडशे देशांतील संगणक कुलूपबंद केले. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती! कित्येकांनी ती घेतली नव्हती. स्वस्तात म्हणून विनापरवाना विंडोज बसवून घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे; अशा प्रतींत दुरुस्त्यांची वाट पुष्कळदा बंदच केलेली असते. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक पेलू शकत असेल, तर विंडोज ११ कडे वळावे.

आपल्या भागात मला अधिक भय वाटते ते पेनड्राइव्हचे. शाळेतून झेरॉक्सच्या दुकानात, तेथून पंचायत समितीत आणि रात्री घरी, असा त्याचा प्रवास होतो. तो उघडण्यापूर्वी त्याच्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून डिफेंडरकडून तपासून घ्यावा. आणि महत्त्वाच्या याद्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून, ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी.