वाचक पॅरिसचा की माँट्रियलचा?



 भाषांतरावर पोट असलेल्यांच्या या पुण्यातल्या परिषदेत रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच गिरवलेली बरीच मंडळी समोर दिसताहेत. त्यांचं तर हे घरच. स्वागताध्यक्षाने जागा, जेवण आणि पाणी बघावं, विषयात शिरू नये, असा संकेत आहे. पण मी पेशाने फिजिओथेरपिस्ट. मालिशचा विषय निघाल्यावर गप्प बसणं मला जमायचं नाही.

इंग्रजीतल्या मालिशच्या संज्ञा फ्रेंचमध्ये न्यायच्या, यात अवघड ते काय? एफ्लराज, पेत्रिसाज, तापोतमाँ हे इंग्रजी पाठ्यपुस्तकांतले शब्द मुळात फ्रेंचच. ॲम्स्टरडॅमचे डॉक्टर योहान मेत्झगर यांनी एकोणिसाव्या शतकात ते रूढ केले असं मानतात. या मालिशला नाव मात्र पडलं ‘स्वीडिश मसाज’. शब्द मुळात फ्रेंच, म्हणजे लेकीला माहेरी पोचवण्याएवढंच काम. पण सासरी राहून लेकीचं वळण बदललेलं असतं!

इंग्रजीत ‘डीप एफ्लराज’ सर्रास चालतं. तळवा टेकवायचा, अंगाचा भार द्यायचा आणि घोट्यापासून गुडघ्याकडे पोटरीवरून सलग सरकत जायचं. फ्रेंच कानाला मात्र ‘एफ्लरे’ म्हणजे ओझरता स्पर्श. त्याला ‘खोल’ जोडलं की वाचणारा थबकतो. फ्रान्समधले किनेझितेराप्यूत, म्हणजे फिजिओथेरपिस्ट (थोडक्यात ‘किने’), अशा जागी ‘प्रेसियाँ ग्लिसे’, म्हणजे सरकता दाब, म्हणतात आणि तो वरवरचा की खोल ते पुढे जोडतात. ‘कपिंग’ची तऱ्हा आणखी वेगळी. हाताचा द्रोण करून पाठीवर थापट्या मारणं हेही कपिंग आणि पेले लावून कातडी ओढून धरणं हेही कपिंग. फ्रेंच ‘व्हाँतूझ’ फक्त पेल्यांना लागू. द्रोणाच्या जागी तो शब्द पडला, तर छातीतला कफ सोडवून घ्यायला आलेल्या रुग्णाच्या पाठीवर पेले चिकटायचे! ब्रिटिश डॉक्टर जेम्स सिरिआक्स यांच्या ‘डीप ट्रान्सव्हर्स फ्रिक्शन’मधलं फ्रिक्शन फ्रेंचमध्ये गळतं आणि तिथे ‘मासाज’ येतं, हे जाता जाता.

शिवाय देश बदलला की शब्दही बदलतो. फ्रान्समध्ये 1946 च्या कायद्याने मालिश हा किनेंचा प्रांत ठरवला. म्हणून ब्यूटी पार्लरं दरपत्रकावर ‘मासाज’ऐवजी ‘मोदलाज’ लिहू लागली. क्वेबेकमध्ये मालिश करणारा ‘मासोतेराप्यूत’ उघड पाटी लावतो आणि पॅरिसचा किने तिथे ‘फिजिओतेराप्यूत’ होतो. म्हणून माझं म्हणणं, शब्दकोश उघडण्याआधी कागद कुठे जाणार आणि कोण वाचणार, हे गिऱ्हाइकाला विचारा. भाषांतराच्या एजन्सीवाले हे आपणहून सांगत नाहीत. घाई मात्र त्यांनाच असते.

दुपारी शेजारच्या दालनात मालिशचं टेबल मांडलं आहे. ज्यांचा शब्द अडला असेल त्यांनी तो तिथे आणावा, माझे सहकारी ती क्रिया करून दाखवतील. पाठ कुणी द्यायची, ते तेवढं आपसांत ठरवा. अध्यक्षमहाराज, सभा आपल्या स्वाधीन करतो.