तारेखालचे हाड



या व्यासपीठावर विद्वानांची व्याख्याने होतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा दातांच्या वैद्यकावर आम्ही बोलावे, याचे काहींस आश्चर्य वाटेल. पण हा विषय आपणहून आमच्या दाराशी आला.

आम्ही विडी कामगारांत काम करतो. आमच्या एका भगिनीने मुलीचे पुढे आलेले दात सरळ करण्यासाठी पै पै साठवली. डॉक्टरांनी हिरड्या पाहून विचारले, "मिश्री लावतेस?" मुलगी गप्प. मिश्री सुटल्याशिवाय तार बांधणार नाही, असे त्यांनी बजावले. आई कचेरीत आली. "भाऊ, मिश्री लावायची ती दातांना. तिनं हाडाचं काय बिघडतं?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून आम्ही पुस्तके उघडली आणि डॉक्टरमंडळींना विचारीत फिरलो.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. तारेने दात ढकलला की दाबाच्या बाजूचे हाड खास पेशी खाऊन टाकतात. ताणाच्या बाजूस दुसऱ्या पेशी नवे हाड घालतात. कार्ल सँडस्टेट या स्वीडिश दंतवैद्याने १९०४-०५ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून हे दाखविले. म्हणजे दात सरकतो तो पाडणारे आणि बांधणारे यांच्या जोडकामाने.

आता यात निकोटिन शिरते. त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, बांधकामाला लागणारे रक्त कमी पडते. बांधणाऱ्या पेशी मंदावतात. पाडणाऱ्यांना मात्र जादा बोलावणे जाते. उंदरांवरील काही प्रयोगांत निकोटिन दिल्यावर दात उलट लवकर सरकले! कोणी म्हणेल, मग बरेच झाले. मंडळी, चाळीची भिंत हलवायची आहे. पाडणारे दुप्पट लावले आणि गवंड्याची वीट-वाळू तोडली, तर काम झपाट्याने होईल, पण छप्पर कशावर उभे राहील? त्या उंदरांत दातांभोवतीचे हाड घटले आणि मुळेही झिजलेली आढळली.

उंदरांचे सारे माणसास जसेच्या तसे लागू पडते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु धूम्रपान करणाऱ्यांच्या दातांभोवतीचे हाड अधिक झिजते, हे माणसांत सिद्ध झालेले आहे. त्यांच्या हिरड्यांतून रक्तही कमी येते. म्हणून रोग झाकला जातो आणि माणूस निर्धास्त राहतो. तंबाखूची चिमूट जेथे रोज ठेवावी, तेथली हिरडी मागे सरते, हे तर आरशातही दिसते.

दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ साली बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत कायद्याचा हात कसा पोहोचणार? तेथे आपणच पोहोचले पाहिजे.

हे सारे त्या माउलीस समजावून सांगताना आमच्या खिशात तंबाखूची चंची होती. तिने ती पाहिली, पण बोलली काही नाही. त्या दिवसापासून आम्ही तंबाखू सोडली. दोनदा मोडलो, तिसऱ्यांदा टिकलो. मुलीलाही चार महिने लागले. मग तार बसली.

आमचेच सोबती विचारतात, "तंबाखूला वाईट म्हणून तुम्ही हजारो बायांच्या चुलीवर पाणी ओतणार काय?" प्रश्न खरा आहे. हजार विड्यांमागे दर वाढवून घेण्यासाठी आम्ही उभी हयात भांडलो, आजही भांडतो. पण पोटासाठी सत्य लपवावे, असे आम्हांस कोणी शिकविलेले नाही. या भगिनींना दुसरे पोटभर काम मिळाले पाहिजे, ही मागणी आणि मिश्री सोडा, ही विनंती आम्ही एकाच तोंडाने करतो. तोवर विडी वळणाऱ्या हातांना पुरता दाम मिळो आणि त्यांच्या लेकरांच्या तोंडात तंबाखू न जावो, एवढेच मागून आपली रजा घेतो.