तेलाचा डबा किती दिवस पुरला?



स्वयंपाकासारख्या विषयावर बोलण्याचा अधिकार खरें म्हणजे आमच्या घरांतील स्त्रियांचा, माझा नव्हे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविली, आणि त्या सबंध काळांत चुलीपुढें बसलों तो केवळ थंडींत हात शेकण्याकरितां. तरी पण गेल्या दीड वर्षांत आमच्या जामनेरच्या घरीं एक प्रयोग झाला. प्रयोग करणारीं माणसें निराळीं असलीं तरी त्याची वही माझ्या हातची आहे, आणि त्या वहीच्या आधारानें मी आज आपल्यापुढें दोन शब्द बोलणार आहें.

प्रयोगाचें कारण आधीं सांगितलें पाहिजे. एके दिवशीं सकाळीं फिरून परत येत असतां कांग नदीच्या पुलावर माझ्या छातींत कळ आली. मुलानें जळगांवास नेलें. हृदयाच्या एका रक्तवाहिनींत अडथळा निघाला व तेथें जाळी बसवावी लागली. घरीं पाठवितांना डॉक्टरांनीं तीन गोष्टी सांगितल्या: तंबाखू बंद, रोज चालणें, आणि जेवणांतील तेल पुष्कळच कमी. पहिल्या दोन गोष्टींशीं माझाच काय तो संबंध होता. तिसरी ऐकतांच सौभाग्यवतींचा चेहरा उतरला. दोन दिवस त्या कामापुरतेंच बोलल्या. तिसऱ्या दिवशीं ताट वाढतां वाढतां म्हणाल्या, "अहो, म्हणजे माझ्याच हातच्या जेवणानें तुम्हांला हें झालें का?"

वर्गांत कोणत्याहि प्रश्नाला मीं कधीं उत्तर शोधीत राहिलों नाहीं. येथें मात्र राहिलों. चाळीस वर्षें माझ्या खिशांत तंबाखू-चुन्याची डबी होती व या दुखण्यांत तिचा हात मोठा होता, हें मीं त्यांना सांगितलें, आणि तें खरेंहि होतें. पण त्यांचें समाधान झालें नाहीं. ज्या हाताची शेवभाजी खाण्याकरितां पाचोऱ्याहून आणि भुसावळाहून आप्तेष्ट येत, त्या हाताला आतां कोणी दोष देत आहे, असें त्यांना वाटलें.

आमच्या खानदेशांत पाहुण्याचा मान तर्रीवरून ठरतो, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. शेवभाजीच्या वाटीवर तेलाचा लाल थर तरंगला नाहीं तर यजमानाचा हात आंखडला, असें पाहुणा मनांत म्हणतो. भरताच्या फोडणीला आम्ही तेल मोजून घालीत नाहीं, ओततों. वरण-बट्टीचा बेत असला म्हणजे बट्टी तळून वर पुन्हां तूप. आणि शेव म्हणजे काय? बेसन तळून काढलेलें. शंभर ग्रॅम शेवेंत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास स्निग्ध पदार्थ असतो, व ती आम्ही पुन्हां तेलाच्याच रश्श्यांत सोडतों!

माझ्या लहानपणीं असें नव्हतें. घाण्यावरून तेल तांब्यानें येई आणि तो तांब्या महिनाभर पुरवावा लागे. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला तेलाचा थेंब लागत नाहीं. खापरावरचा मांडा तेलावांचूनच भाजतो. म्हणून कांहीं लोक त्या काळाचे गोडवे गातात. मी गाणार नाहीं. तें शहाणपण नव्हतें, नाइलाज होता. तेल परवडूं लागतांच तें सढळ हातानें ओतणारी पिढी आमचीच.

मास्तराला कांहीं सुचेनासें झालें म्हणजे तो हिशेब मांडतो. मीं वाणसामानाची जुनी वही काढली. आमच्याकडे तेलाचा १५ किलोचा डबा येतो. तो बहुतेक ९० दिवसांत संपत असे. घरांत माणसें चार. आम्ही दोघें, मुलगा आणि सूनबाई. १५,००० ग्रॅमला ९० नें आणि पुन्हां ४ नें भागलें म्हणजे दरडोई, दररोज सुमारें ४२ ग्रॅम तेल येतें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं आहाराविषयीं जी मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या माणसाच्या ताटांत तेल-तुपाचा वांटा २७ ग्रॅम धरला आहे. म्हणजे आम्ही दीडपटीच्या वर होतों. एक ग्रॅम तेलांत ९ उष्मांक, तर पिठांत किंवा साखरेंत ४. तेव्हां हा जास्तीचा १५ ग्रॅमचा भार रोजचा १३५ उष्मांकांचा झाला. यांत वरचें तूप धरलेलें नाहीं. दाण्याचा कूट आणि खोबरेंहि नाहीं. शेंगदाण्यांत जवळजवळ निम्मा आणि सुक्या खोबऱ्यांत साठ टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असतो, हें बाटलींतल्या तेलावर नजर ठेवणारीं माणसें सोयिस्करपणें विसरतात. बसस्थानकावर उभ्या उभ्या खाल्लेली कचोरी तर कोणत्याच वहींत नव्हती.

हा आंकडा मीं मोठ्यानें वाचून दाखविला आणि त्याचा परिणाम उलटाच झाला. सौभाग्यवती म्हणाल्या, "आतां तुम्ही स्वयंपाकघराची तपासणी करणार तर!" सूनबाई हुशार. ती म्हणाली, "बाबा, वही तुम्ही ठेवा, पण पळी आईंच्याच हातीं राहूं द्या." त्या दिवसापासून मीं तोंडानें आंकडे सांगणें सोडलें.

प्रथम कामास आला तो घरांतलाच प्रेशर कुकर. याची मूळ कल्पना जुनी आहे. डेनिस पापिन नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६७९ सालीं लंडन येथें असें बंद भांडें लोकांना दाखविलें. झांकण घट्ट बसलें म्हणजे वाफ कोंडते, दाब वाढतो, आणि पाणी १०० अंशांऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें. आपल्या देशांत कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० सालीं कोळशाच्या मंद आंचेवर, एकावर एक डबे ठेवून वाफेनें सबंध जेवण शिजविणारा 'इकमिक' कुकर तयार केला. आमच्या घरीं कुकर डाळ-भातापुरताच होता. पण ज्या भाज्या मऊ होण्याकरितां आपण तेलावर पाव तास परततों, त्या वाफेवर आधीं अर्ध्यामुर्ध्या शिजवून घेतल्या तर तेलाचें काम फक्त स्वादापुरतें उरतें. याचा खरा उपयोग बट्टीला झाला. कणकेचे उंडे कुकरांत शिटी न लावतां वीस मिनिटें उकडले, थंड झाल्यावर कापले, आणि मग तळण्याऐवजीं हातानें तेल चोळून भाजले. कोठें भाजले तें पुढें सांगतों.

दुसरें यंत्र मिक्सर. काळ्या मसाल्याचा कांदा आणि खोबरें तेलांत तळून घेण्याची रीत आमच्याकडे होती. आतां कांदा सालीसकट जाळावर भाजतात, खोबऱ्याचा तुकडाहि तसाच भाजून निम्म्यानें कमी घेतात, आणि दोन्हीं मिक्सरमध्यें गंधासारखें वाटतात. वाटण जितकें बारीक, तितका रस्सा आपोआप दाट. तेथें तेलाची गरज नाहीं. परततांना कोरडें पडलें तर गरम पाण्याचा शिपका. एवढें झालें, पण तर्री? पांढुरका रस्सा पाहुण्यापुढें ठेवावयाचा कसा?

या अडचणीवर उपाय सौभाग्यवतींनींच काढला, आणि त्याचें शास्त्र मला मागाहून उमगलें. मिरचीचा लाल रंग पाण्यांत उतरत नाहीं, तेलांत उतरतो. आणि तेल पाण्यावर तरंगतें. मग आधींपासून पळ्याच्या पळ्या ओतण्याचें कारण काय? त्यांनीं रस्सा थोड्या तेलांत उकळून घेतला आणि अगदीं शेवटीं दोन चमचे कोमट तेलांत लाल तिखट घालून तें वरून सोडलें. सबंध पातेल्यावर केशरी-लाल तवंग पसरला. शेवहि रश्श्यांत न शिजवितां ताटांत मुठीऐवजीं चिमटीनें वर घालावयाची. शेवेच्या बाबतींत मी अजून तक्रार करतों. माझी तक्रार ऐकली जात नाहीं.

आतां तिसरें यंत्र, ज्याविषयीं शहरांतील घरांतून फार बोललें जातें: एअर फ्रायर. सूनबाईंच्या भावानें पुण्याहून तें आणलें. हें यंत्र २०१० च्या सुमारास युरोपांतून बाजारांत आलें. नांव तळणाचें असलें तरी यांत तळण मुळींच नाहीं. ही एक लहानशी भट्टी आहे. वर तापणारी तार, तिच्यावर पंखा, खालीं जाळीची टोपली. पंखा गरम हवा इतक्या वेगानें फिरवितो कीं पदार्थाचें अंग सर्व बाजूंनीं वाळून खरपूस होतें. खऱ्या तळणांत पदार्थांतील पाणी वाफ होऊन बाहेर पडतें, आणि तो कढईंतून काढल्यावर निवतांना अंगावरचें तेल त्या रिकाम्या छिद्रांत आंत ओढलें जातें. येथें ओढण्यास तेलच नाहीं.

पहिल्या दिवशीं या यंत्रानें आमची चांगलीच फजिती केली. कांद्याचीं भजीं टाकलीं. पीठ जाळींतून खालीं गळलें आणि वर कांद्याच्या चिंध्या तेवढ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशीं भरताचें वांगें टोचे न मारतां आंत ठेवलें. तें आंतल्या आंत फुटलें व सबंध संध्याकाळ टोपली घासण्यांत गेली. सौभाग्यवतींनीं यंत्रावर फडकें झांकलें आणि पंधरा दिवस त्याकडे पाहिलें नाहीं.

तें फडकें निघालें बट्टीमुळें. उकडलेल्या, कापलेल्या बट्टीच्या फोडींना एक चमचा तेल चोळून १८० अंशांवर पंधरा मिनिटें, मध्यें एकदां हालवून, ठेवल्या; बाहेर कुरकुरीत, आंत मऊ. कढईंतल्या बट्टीसारखी ती होते काय? होत नाहीं. पण घोटलेल्या वांग्याच्या भाजीबरोबर कालवल्यावर तो भेद मला तरी फार जाणवत नाहीं. पापड, शेंगदाणे, सुरळी करून उकडलेली पातोडी, हीं सर्व येथें चांगलीं होतात. बटाट्याच्या काचऱ्याहि होतात. मात्र त्या काळपट होईपर्यंत ठेवूं नयेत. सोनेरी रंग आला कीं काढाव्या. विजेचा खर्च विचाराल तर यंत्र १५०० वॅटचें; अर्धा तास चाललें तर पाऊण युनिटाच्या आंत. अट एकच, कीं वीज असावी.

भरताला मात्र मी या यंत्राची शिफारस करणार नाहीं. जळगांवच्या भरताच्या वांग्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. असलें वांगें तुरीच्या काड्यांवर किंवा निदान गॅसच्या जाळावर भाजलें पाहिजे. त्या भाजण्याला पूर्वींहि तेल लागत नव्हतें. मग तेथें यंत्र कशाला? तेल जातें तें फोडणींत. कच्चें वांगें स्पंजासारखें असतें, म्हणून परततांना तें तेल पिऊन टाकतें. भाजून बडगींत ठेचलेल्या वांग्यांत ती पोकळी उरत नाहीं. तेव्हां मिरच्या वांग्याबरोबरच भाजाव्या, लसूण-मिरची वांग्यांत ठेचावी, आणि चार माणसांच्या भरताला दोन चमचे तेलाची फोडणी वरून द्यावी. कांद्याची पात मागाहून. फ्लॅटमध्यें राहणाऱ्या ज्या भगिनींना जाळाची सोय नाहीं, त्यांनीं वांग्याला टोचे मारून यंत्रांत २०० अंशांवर अर्धा तास भाजावें आणि एका वाटींत पेटता कोळसा ठेवून, त्यावर तेलाचा थेंब टाकून, झांकणाखालीं धुरी द्यावी. अगदींच वाईट लागत नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत आमचे व्याही-विहीणबाई जेवावयास आल्या. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी असा बेत होता. मला धास्ती वाटत होती; सौभाग्यवतींना माझ्याहून अधिक. व्याह्यांनीं पहिली वाटी संपविली, दुसरी मागितली, आणि म्हणाले, "विहीणबाई, तर्री झकास जमली आहे." मला वाटलें, आतां गप्प बसावें. पण सौभाग्यवतींनीं पदर सांवरला आणि सांगितलें, "तेल दोनच चमचे आहे त्यांत वरचें." व्याह्यांनीं वाटी तिरकी करून पाहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, आम्हांला हें कोणी सांगितलेंच नाहीं. माझ्या घरीं डबा दोन महिन्यांत उडतो."

वहींतले आंकडे असे आहेत. प्रयोगाच्या आधींचा डबा ९० दिवस. पुढचा १०४. त्याच्या पुढचा ९७. त्यांत दिवाळीचें फराळ आणि मुलीचीं मुलें आलीं होतीं, तेव्हां त्याला मी नापास करीत नाहीं. त्यानंतरचा १२८ दिवस पुरला, म्हणजे दरडोई २९ ग्रॅमांपर्यंत आम्ही उतरलों. माझ्या रक्तांतील चरबीहि उतरली. पण रात्रीची गोळी चालूच असल्यामुळें त्याचें श्रेय गोळीला किती आणि पळीला किती, हें गणित मला सुटण्यासारखें नाहीं. डॉक्टरांना विचारलें, तर ते म्हणाले दोन्हीं चालू ठेवा. तंबाखूची डबी मीं सूनबाईंच्या स्वाधीन केली होती; आतां तींत शिलाईच्या सुया आहेत.

सध्यांच्या डब्यावर उघडल्याची तारीख सौभाग्यवतींनीं स्वतःच्या हातानें खडूनें लिहिली आहे. काल त्यांनीं तो हालवून पाहिला आणि मला हांक मारून विचारलें, "वहींत किती दिवस झाले हो?" मीं पाहिलें, चौसष्ट झाले होते. "अजून अर्ध्याच्या वर भरतो," त्या म्हणाल्या, आणि वांगीं निवडावयास बसल्या.