कावेरीकाठची लेखकमैत्री

वर्ष सरले की साहित्यमंडळे आपल्या कामाचा ताळेबंद मांडतात. कुंभकोणमच्या एका लेखकमैत्रीचा ताळेबंद मात्र वर्षांत मोजता येत नाही. तंजावरच्या भोसल्यांमुळे मराठी मनाला हे क्षेत्र परके नाही. न. पिच्चमूर्ती येथे १९०० साली जन्मले, कु. प. राजगोपालन १९०२ साली. तमिळ साहित्यात या मित्रद्वयाची ओळख 'कुंभकोणमचे जुळे' अशीच आहे. १९३३ मध्ये मद्रासेहून निघालेल्या 'मणिक्कोडी' नियतकालिकातून त्यांची कथा बहरली. पिच्चमूर्तींनी तर तमिळ नवकवितेचा पाया घातला.

राजगोपालनांची दृष्टी ऐन तारुण्यात मोतीबिंदूने हरपली. शस्त्रक्रियेने ती परत आली. पण आयुष्य १९४४ सालीच सरले. त्यांची घरची भाषा तेलुगू. त्याच गावचे, पुढच्या पिढीचे एम. व्ही. वेंकटराम रेशीम विणणाऱ्या सौराष्ट्री समाजातले. १९९३ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, तो तमिळ लेखनासाठी.

माजघरात एक भाषा, अंगणात दुसरी. आणि अंगणातल्या भाषेलाही आपले उत्तम ते अर्पण करायचे! कावेरीकाठच्या मराठी घरांना ही रीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिने माजघर ओस पडत नाही, अंगण मात्र समृद्ध होते.